बेकारी भत्त्याचं अपील : फोनवरच्या सुनावणीची तयारी कशी करू? (कॅलिफोर्निया)

वाईकरीण

नमस्कार. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, त्यामुळे हा विषय काढताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

सॅन होजेजवळच्या एका कंपनीत सहा वर्षं टेस्टिंगमध्ये होते. ग्रीन कार्ड आहे. बाबांच्या बायपाससाठी तीन आठवड्यांची रजा घेऊन साताऱ्याला गेले. रजा बुधवारपर्यंत, गुरुवारी कामावर हजर व्हायचं. मंगळवारी रात्री मुंबईहून विमान. त्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात उभी, बॅगा डिकीत, आणि हॉस्पिटलमधून फोन आला की जखमेत पू झालाय, पुन्हा उघडावं लागेल. मी बॅगा उतरवल्या. मॅनेजरला लगेच व्हॉट्सअ‍ॅप केलं की दहा दिवस जास्त लागतील, अमुक तारखेला रुजू होते. त्याचं उत्तर आलं, 'ओके, टेक केअर ऑफ डॅड', पुढे हात जोडलेली इमोजी.

पुढच्या सोमवारी एचआरने ऑफिसच्या मेलवर पत्र टाकलं : तीन दिवस न कळवता गैरहजर, म्हणून तुम्ही राजीनामा दिला असं आम्ही समजतो. ऑफिसचा लॅपटॉप भारतात न्यायला परवानगी नाही, त्यामुळे मी ते पत्र पाहिलंच नाही. परत आल्यावर दाराचं कार्ड चालेना तेव्हा कळलं.

भत्त्यासाठी अर्ज केला. चौकशीच्या फोनवर मी म्हणाले, 'आय डिसायडेड टु स्टे विथ माय फादर.' निकाल आला की सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली, भत्ता नामंजूर. ३० दिवसांच्या मुदतीत अपील केलंय. आता बारा दिवसांनी सकाळी सव्वादहाला फोनवर सुनावणी आहे. वकील करावा का? काय कागद लागतील? आणि मुख्य म्हणजे बोलू काय? नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो.

टवाळ

पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (ताई, दिवा घ्या, गंमतीत लिहिलंय. शुभेच्छा मनापासून.)

बे_एरियाकर

आधी एकच विचारतो, बाकी मागाहून. दर दोन आठवड्यांचं सर्टिफिकेशन (अजून बेकार आहे, काम शोधतेय असं कळवणारा फॉर्म) भरताय ना? नामंजूर झालं तरी भरत राहायचं असतं. अपील जिंकलात तरी ज्या आठवड्यांचं भरलंय त्यांचेच पैसे मिळतात. माझा एक मित्र इथेच फसला. 'नाही म्हणालेत तर कशाला भरू' म्हणून रागावून बसला, आणि जिंकल्यावर हातात आलं अर्धं.

वाईकरीण

अगं बाई. नाही भरलेलं! निकाल आल्यापासून बंदच केलं होतं. जवळजवळ तीन आठवडे झाले.

बे_एरियाकर

आज भरा. आत्ता. चहा नंतर. उशीर का झाला ते विचारतील, खरं कारण लिहा. मागचे आठवडे मिळतील की नाही हे त्यांच्या हातात, पण पुढचे तरी बुडणार नाहीत.

खडूस_काका

कोणाला राग येईल, पण स्पष्ट बोलतो. धडधाकट शिकलेल्या माणसाने सरकारकडे हात पसरायचा? आमच्या वेळी नोकरी गेली की माणूस गप दुसरी शोधायचा. तीस वर्षं या देशात काढली, एकदाही घेतला नाही.

चहाबाज

काका, तीस वर्षांत तुमची नोकरी किती वेळा गेली?

खडूस_काका

एकदाही नाही.

चहाबाज

तेच म्हटलं.

गावठी_वकील

(मी वकील नाही, नाव फसवं आहे. एका कामगार मदत केंद्रात चार वर्षं शनिवारी स्वयंसेवक म्हणून बसलो, तेवढीच पुंजी.)

काका, हे हात पसरणं नाही, विमा आहे. हप्ता मालकाच्या खिशातून जातो. कॅलिफोर्नियात कामगाराच्या पगारातून यासाठी काहीच कापत नाहीत. पगारपत्रकावर एसडीआय म्हणून जी कपात दिसते ती आजारपणाच्या विम्याची, ती वेगळी. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्कात मात्र कामगारालाही थोडं भरावं लागतं. घराला आग लागल्यावर विमा मागणाऱ्याला आपण भिकारी म्हणतो का?

रक्कमही ऐका. इथे आठवड्याला जास्तीत जास्त ४५० डॉलर, २००५ पासून तेवढेच. फार तर २६ आठवडे. म्हणजे सगळे मिळून ११,७००. बे एरियात यात किती महिन्यांचं भाडं निघतं ते इथल्यांनी सांगावं.

आता वाईकरीण, तुमचं. सगळं एका प्रश्नावर उभं आहे : नोकरी तुम्ही सोडली की त्यांनी काढलं? न्यायाधीश आधी हेच ठरवणार, की तोडायचं पाऊल कोणी उचललं. काम चालू ठेवायला तुम्ही तयार होता आणि कंपनीने दार लावलं असेल, तर ते काढून टाकणं झालं, कंपनी त्याला राजीनामा म्हणो की आणखी काही. आणि काढून टाकलं ठरलं की ओझं कंपनीवर. गैरवर्तन झालं हे त्यांनी सिद्ध करायचं. उलट तुम्ही सोडली असं ठरलं तर सबळ कारण दाखवायचं ओझं तुमच्यावर. तुम्हाला हव्या त्या पायरीवर उभं राहायचं असेल तर रुजू होण्याची तारीख दिलेला तो मेसेज सोन्यासारखा जपा.

ते 'आय डिसायडेड टु स्टे' मात्र घात करून गेलं. तुमच्या मनात होतं 'आणखी दहा दिवस थांबायचं ठरवलं'. लिहिणाऱ्याने ऐकलं 'नोकरीऐवजी वडील निवडले'.

ऋता७

+१. आपण मनात मराठीत विचार करतो आणि तोंडून भलतंच इंग्रजी बाहेर पडतं. मी एकदा डेंटिस्टला 'माय टूथ इज गोइंग' म्हणाले होते.

टवाळ

@ऋता७ : गेला का मग?

ऋता७

गेला. बाराशे डॉलर घेऊन गेला.

जुना_जाणता

मी टेबलाच्या पलीकडे बसलेलो माणूस आहे. अकरा वर्षं एचआरमध्ये होतो आणि अशा पंधरा-वीस सुनावण्यांना कंपनीच्या बाजूने हजर राहिलो. आता निवृत्त, म्हणून मोकळेपणी लिहितो.

कंपनी भांडते कशाला? दुष्टपणाने नाही. जितक्या माणसांना भत्ता मिळतो तितका कंपनीचा कराचा दर चढतो. म्हणून काही कंपन्या हे काम बाहेरच्या एजन्सीला देऊन टाकतात, आणि एजन्सीचा माणूस तुम्हाला कधी भेटलेलाही नसतो. तो फायलीतून वाचून दाखवतो. हे तुमच्या पथ्यावर पडतं. 'मॅनेजर म्हणाला की तिने कळवलं नाही' असं एचआरने सांगितलं, तर ती ऐकीव गोष्ट झाली. अशा सुनावणीत ऐकीव पुरावा चालतो, पण हरकत घेतली तर नुसत्या त्याच्या जोरावर निर्णय उभा राहू शकत नाही. तुम्ही शपथेवर सांगताय की 'मी स्वतः मेसेज पाठवला, हा बघा', त्याचं वजन जास्त.

आणि आम्ही जिंकायचो ते बहुतेक वेळा आमच्या पुराव्यामुळे नाही. समोरचा माणूस बोलत सुटायचा. मॅनेजर कसा पक्षपाती, २०१९ ला बढती कशी डावलली, कँटीनमध्ये कोण काय म्हणालं. न्यायाधीश कंटाळायचे, आणि त्या बोलण्याच्या ओघात एखादं वाक्य असं निघायचं की आम्ही नुसतं 'नो फर्दर क्वेश्चन्स' म्हणायचो. आपल्या लोकांची ही खोड जरा जास्तच. विचारलं काय, तर 'कळवलं होतं का?' उत्तर सुरू होणार आजोबांच्या मधुमेहापासून.

चहाबाज

सगळं रामायण सांगून झाल्यावर न्यायाधीश विचारणार, रामाची सीता कोण.

पोहेवाली

@जुना_जाणता, पटलं, पण माणूस घाबरलेला असतो हो. बोलून टाकलं की बरं वाटतं.

जुना_जाणता

बरोबर. म्हणून आदल्या रात्री नवऱ्याला, मैत्रिणीला, नाहीतर भिंतीला सगळं बोलून टाकायचं. सकाळी फक्त उत्तरं.

वाईकरीण

बापरे, मी तर चार पानी निवेदन लिहून ठेवलंय. बढतीचा परिच्छेदही आहे त्यात.

तो मॅनेजर आता त्या कंपनीत नाही, तीन आठवड्यांपूर्वीच गेला. त्याला बोलावता येतं का?

आणि एक गंमत सापडली. साताऱ्यात असताना मी मेसेजचा स्क्रीनशॉट काढला होता, त्यावर वेळ दिसते संध्याकाळी ६:३०. आज तोच मेसेज उघडला तर सकाळी ६:०० दाखवतोय! क्षणभर वाटलं वेडी झाले की काय.

बे_एरियाकर

फोन ज्या देशात तिथली वेळ. उन्हाळ्यात आपल्यात आणि भारतात साडेबारा तासांचा फरक. साताऱ्याचे साडेसहा म्हणजे इथले त्याच दिवशीचे सकाळचे सहा.

गावठी_वकील

हा मुद्दा लहान समजू नका. तुमचा कागद म्हणणार ६:३० पीएम, आणि कंपनीने मॅनेजरच्या फोनवरून काही दिलं असलं तर ते म्हणणार ६:०० एएम. तिसऱ्या माणसाला वाटेल की मेसेज दोन आहेत, नाहीतर कोणीतरी खाडाखोड केलीय. दोन्ही स्क्रीनशॉट द्या आणि खाली एक ओळ लिहा : हा एकच मेसेज, भारतीय वेळ अमुक, पॅसिफिक वेळ तमुक. उलट फायदाच आहे. गुरुवारी हजर व्हायचं होतं आणि मंगळवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आत तुम्ही कळवलंत. पूर्ण दोन दिवस आधी!

मॅनेजरसाठी सपीना (हजर राहण्याचं समन्स) मागता येतो, पण उशीर करू नका, आजच अपील ऑफिसला लिहा. येईलच असं नाही. त्याचं लेखी उत्तर तुमच्याकडे आहे, तेवढ्यावरही भागू शकतं.

कागदांचं म्हणाल तर दोन स्क्रीनशॉट, रजा मंजूर केल्याचा मेल, आधीचं आणि बदललेलं विमानाचं तिकीट, हॉस्पिटलचा डिस्चार्ज कागद ज्यावर दुसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख आहे, आणि लॅपटॉप परदेशी न्यायला बंदी असल्याचा कंपनीचा नियम. हा शेवटचा कागद लोक विसरतात. फोनवरची सुनावणी म्हणजे ऐन वेळी कागद पुढे सरकवता येत नाही, म्हणून नोटिशीत लिहिलंय तसे आधीच पाठवायचे, आणि सुनावणीत पोचले का ते विचारायचं. अपील ऑफिसच्या फायलीत काय काय आहे तेही मागवून बघा. चौकशीच्या फोनवर तुमच्या तोंडी नेमकी कोणती वाक्यं घातली आहेत ते तिथे दिसेल.

चार पानी निवेदन फाडा. एका पानावर नुसत्या तारखा लिहा.

खडूस_काका

तरी पण एक विचारतो. मॅनेजर 'ओके' म्हणाला म्हणजे रजा मंजूर झाली का? रजेचा अर्ज पोर्टलवर करायचा असतो. हिने नाही केला. मग कंपनीचं काय चुकलं? शिस्त म्हणून काही आहे की नाही?

गावठी_वकील

काका, प्रश्न रास्त आहे, कंपनी नेमका हाच घेणार. पण नियम मोडला म्हणजे गैरवर्तन झालंच असं नाही. १९४१ साली विस्कॉन्सिनमध्ये एका टॅक्सी ड्रायव्हरच्या खटल्यात कोर्टाने व्याख्या बांधली, आणि १९५९ च्या मेवुड ग्लास खटल्यात कॅलिफोर्नियाने ती उचलली. मालकाच्या हिताकडे जाणूनबुजून केलेलं मोठं दुर्लक्ष म्हणजे गैरवर्तन. एखाद्या वेळचा निष्काळजीपणा किंवा प्रामाणिकपणे झालेली चूक त्यात बसत नाही.

२०१४ चं पॅराट्रान्झिट प्रकरण तर कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. ड्रायव्हरला शिस्तभंगाच्या कागदावर सही करायला सांगितली. त्याला वाटलं सही म्हणजे गुन्हा कबूल, युनियनच्या माणसाला विचारल्याशिवाय करणार नाही म्हणाला. कंपनीने काढून टाकलं. कोर्ट म्हणालं, फार तर ही सद्हेतूने केलेली निर्णयाची चूक, भत्ता द्या. कंपनीला त्याला काढायचा अधिकार होता की नाही हा प्रश्नच नव्हता. काढणं योग्य असू शकतं आणि तरी भत्ता देय असू शकतो. या दोन गोष्टींची लोक हमखास गल्लत करतात.

खडूस_काका

हं. हे माहीत नव्हतं.

टवाळ

काकांनी 'माहीत नव्हतं' लिहिलं! स्क्रीनशॉट काढून ठेवा रे, दोन्ही टाइमझोनमध्ये.

निशिगंध

जरा अवांतर. मी एच-१बी वर आहे, गेल्या महिन्यात लेऑफ झाला. मला मिळेल का भत्ता? आणि घेतला तर पुढे ग्रीन कार्डला अडचण?

बे_एरियाकर

दुसऱ्याचं उत्तर आधी. बेकारी विमा कमावलेला मानतात, पब्लिक चार्जमध्ये (सरकारवर भार ठरणाऱ्यांत) धरत नाहीत. पहिलं अवघड आहे. भत्त्यासाठी 'काम करायला समर्थ आणि उपलब्ध' असावं लागतं. एच-१बी एकाच मालकाला बांधलेला, त्यामुळे सहसा तिथेच अडतं. तुमची खरी घाई नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणाऱ्या ६० दिवसांच्या मुदतीची आहे, आधी ते बघा. नवरा किंवा बायको एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या कामाच्या परवान्यावर) काम करत असेल तर त्यांची गोष्ट वेगळी.

भाऊसाहेब_नगर

आम्ही इकडे नगरला बसून वाचतोय. नोकरी गेल्यावर मालकाच्या पैशातून भत्ता, तो नाकारला तर अपील, अपिलाला न्यायाधीश, तेही फोनवर! आमच्याकडे तलाठी फोन उचलत नाही.

पण महाराष्ट्रालाही थोडं श्रेय द्या की. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागेंची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क. माझी आजी पारनेर तालुक्यात खडी फोडायला होती. केंद्राच्या २००५ च्या कायद्यातही लिहिलं होतं की काम मागितल्यावर १५ दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता, पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्शाने. प्रत्यक्षात भत्ता घेतलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. कारण काम मागितल्याची तारीख घातलेली पावतीच कोणी देत नाही. पावती नाही तर मुदत सुरू कुठून होणार?

गावठी_वकील

भाऊसाहेब, नेमकं बोललात. इथेही सगळा खेळ तारखेचाच.

चहाबाज

ईएसआयमध्येपण (कर्मचारी राज्य विम्यात) आहे ना काहीतरी? अटल नावाने?

भाऊसाहेब_नगर

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ पासून. ९० दिवसांपर्यंत, आता सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मे. पण ईएसआयच्या पगारमर्यादेत बसणाऱ्यांनाच. पुण्यातल्या आयटीवाल्याला काढलं तर त्याने आपलं नोकरीच्या साइटवर प्रोफाइल अपडेट करावं.

म्युनिकवाला

जर्मनीत स्वतःहून सोडली तर सहसा १२ आठवडे भत्ता रोखतात. निर्णयाविरुद्ध एक महिन्यात लेखी आक्षेप, मग सामाजिक न्यायालय. तिथे भत्ता मागणाऱ्याला कोर्ट फी नाही. फक्त सगळं जर्मनमध्ये. 'टूथ इज गोइंग' जर्मनमध्ये कसं म्हणतात ते विचारू नका.

पोहेवाली

भाषेवरून आठवलं. माझ्या सासूबाई एका डेकेअरमध्ये स्वयंपाक करायच्या, तिथून काढलं तेव्हा असंच अपील केलं होतं. इंग्रजी कामापुरतं. अपिलात दुभाषा फुकट मिळतो, फक्त आधी मागावा लागतो. आम्ही मराठी दुभाषा मागितला. तर सासूबाई घरी म्हणायला लागल्या, 'नको, मला येतं इंग्रजी, उगाच लोक काय म्हणतील.' समजावून समजावून थकलो. सुनावणीच्या दिवशी फोनवरून मराठी ऐकू आलं आणि बाई अशा खुलल्या की न्यायाधीशांच्या आधी दुभाष्यालाच विचारलं, 'तुम्ही कुठले?' तो बिचारा गप्प. त्याला फक्त भाषांतर करायचं असतं, गप्पा मारायला मनाई. सासूबाई नंतर दोन दिवस 'माणूस शिष्ट होता' म्हणत होत्या.

जिंकल्या मात्र. स्वतःच्या भाषेत त्या नेमकं बोलल्या म्हणून.

वाईकरीण, तुझं इंग्रजी चांगलंच असणार, तरी विचार कर. 'डिसायडेड टु स्टे' पुन्हा नको.

वाईकरीण

दुभाषा नको वाटतो, रोज इंग्रजीतच काम केलंय. पण तीन वाक्यं पाठ करते : मी रजा वाढवून मागितली. परत यायची तारीख दिली. मी नोकरी सोडली नाही.

वकिलाचं काय?

गावठी_वकील

लागतोच असं नाही. बहुतेक लोक स्वतःच बोलतात, प्रश्न न्यायाधीशच विचारतात. लीगल एड किंवा लॉ कॉलेजच्या क्लिनिककडे विचारून बघा, एक तास मिळाला तरी पुष्कळ. न्यायाधीश ईडीडीचे (भत्ता नाकारणाऱ्या सरकारी खात्याचे) नसतात, अपील मंडळ वेगळं आहे. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यातच निःपक्ष न्यायासनापुढे सुनावणीची अट आहे. न्यायाधीश विरुद्ध पक्ष आहेत असं समजून बोलू नका.

आणि कंपनी आली नाही तर आपोआप जिंकलो असं समजू नका. तुमची बाजू तरीही नीट मांडावी लागते.

जुना_जाणता

काही बारक्या गोष्टी. फोन चार्जरला लावून ठेवा. अनोळखी नंबर ब्लॉक करणारं सेटिंग बंद करा, निम्म्या लोकांचा न्यायाधीशांचा फोन स्पॅममध्ये जातो. कागदांना नंबर घाला आणि त्याच क्रमाने समोर ठेवा. माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा, अंदाज ठोकू नका, शपथेवर आहात. कंपनीचा माणूस खोटं बोलला तरी मध्ये तोंड घालू नका, लिहून ठेवा. तुम्हाला प्रश्न विचारायची संधी मिळते.

कुकर लावू नका. हसू नका, एका सुनावणीत माझ्यासमोर शिट्टी झालीय.

टवाळ

किती शिट्ट्या? निकाल भाताचा लागला की डाळीचा?

पोहेवाली

मंडळी, पस्तीसेक प्रतिसाद झाले, सगळ्यांनी कागद विचारले. बाबा कसे आहेत ते कोणी विचारलंच नाही. वाईकरीण, कसे आहेत गं?

खडूस_काका

खरंच की. कसे आहेत?

वाईकरीण

थँक्यू, खरंच. बरे आहेत. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर ताप उतरायला आठ दिवस गेले. आता सकाळी बागेपर्यंत चालत जातात. त्यांना नोकरीचं सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलला मी दुपारी घरी कशी, असं दोनदा विचारलं. म्हटलं, वर्क फ्रॉम होम.

ऋता७

(प्रतिसाद काढून टाकला आहे. आधी विनोद लिहिला होता, वरचं वाचून काढला.)

वाईकरीण

झाली सुनावणी! लगेच लिहितेय, हात अजून गार आहेत.

चाळीस मिनिटं. न्यायाधीश बाई होत्या, आवाज शांत. आधी शपथ, मग रेकॉर्डिंग चालू असल्याचं सांगितलं. माझे कागद पोचले का विचारलं, पोचले होते. कंपनीकडून एचआरची एक बाई होती, मी तिला कधी भेटलेले नाही. (जुना_जाणता, तुम्ही ज्योतिषी आहात का?)

पहिलाच प्रश्न : 'परत कधी येणार ते तुम्ही कंपनीला सांगितलं होतं का?' मी म्हणाले, 'येस. इट इज इन द मेसेज, एक्झिबिट वन.' आणि गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका वाक्यावर थांबले असेन. दोन स्क्रीनशॉट का, ते विचारलंच! खालची ओळ त्यांनी मोठ्याने वाचली आणि पुढे गेल्या.

एचआरच्या बाईंनी पोर्टलचा नियम सांगितला. न्यायाधीशांनी त्यांना विचारलं की पत्र कोणत्या पत्त्यावर पाठवलं, आणि तो मेल हिला भारतात उघडता येत होता का. त्या म्हणाल्या, तपासून सांगावं लागेल. मॅनेजर आला नव्हता. माझी पाळी आल्यावर मी एकच विचारलं, 'पत्र पाठवायच्या आधी मॅनेजरला विचारलं होतंत का?' उत्तर : 'आय डोन्ट हॅव दॅट इन्फर्मेशन.'

एकदा घसरले. शेवटी आणखी काही सांगायचंय का म्हणाल्या, तेव्हा गाडीच्या डिकीतल्या बॅगांचं सांगायला लागले आणि आवाज गेला. त्यांनी थांबू दिलं, पाणी प्या म्हणाल्या. निकाल पोस्टाने येईल.

बे_एरियाकर

छान केलंत. आता सर्टिफिकेशन चुकवू नका.

चहाबाज

'आय डोन्ट हॅव दॅट इन्फर्मेशन' हे वाक्य फ्रेम करून लावा.

वाईकरीण

निकाल आला. आधीचा निर्णय रद्द! मी नोकरी सोडली नाही, मला काढलं, आणि गैरवर्तन सिद्ध झालं नाही. तीन पानांचा निकाल आहे, त्यात तो मेसेज शब्दशः छापलाय, इमोजी सोडून.

मधल्या न भरलेल्या आठवड्यांपैकी एकाचे पैसे मंजूर झाले, दोन अजून अडकलेत. चूक माझी, भांडत बसणार आहे.

पण कंपनी वरच्या मंडळाकडे अपील करू शकते ना? तिलाही ३० दिवस आहेत. मग तोवर पैसे थांबतील?

गावठी_वकील

अभिनंदन! थांबू नयेत. यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९७१ चा निकाल आहे, आणि प्रकरण आपल्याच कॅलिफोर्नियातलं. भत्ता मंजूर झाला की मालकाने अपील केलं म्हणून राज्य पैसे आपोआप बंद करायचं. कोर्ट म्हणालं, असं चालणार नाही. त्यातल्या भत्ता मागणाऱ्या बाईंचं आडनाव होतं जावा. म्हणून तो खटला जावा नावानेच ओळखला जातो.

मात्र वरच्या मंडळाने निकाल फिरवला तर घेतलेले पैसे परत मागू शकतात, तेव्हा सगळे उडवू नका.

टवाळ

थांबा थांबा. म्हणजे निम्म्या बे एरियाची नोकरी जावामुळे लागली, आणि भत्ता पण जावामुळेच?

खडूस_काका

टवाळ, आज तू जिंकलास.

वाईकरीण, अभिनंदन. आमच्या कंपनीत टेस्टिंगची एक जागा निघते आहे. रेझ्युमे खाजगी निरोपातून पाठव. पोर्टलवरही अर्ज टाक, नुसतं व्हॉट्सअ‍ॅप नको.

निशिगंध

काका, माझाही पाठवू का? ६० पैकी २३ दिवस उरलेत.

खडूस_काका

पाठव. आजच.

अनामिक_न्यूयॉर्क

न्यूयॉर्कला हेच सगळे नियम लागू आहेत का? माझी सुनावणी परवा आहे.

बे_एरियाकर

नाही हो, राज्यागणिक मुदती आणि नियम वेगळे. नोटिशीची मागची बाजू वाचा आणि नवीन धागा काढा. आजच काढा, परवा म्हणजे उद्याच समजा. आणि सर्टिफिकेशन भरताय ना?